अंगण खरंच वाकडं असेल तर?

आमच्या क्लबाच्या शेडमध्ये एक निळी बादली आहे. कुणी क्लब सोडून गेलं, कुणी नवा संच घेतला, कुणाचे डझनातले पाचच उरले, की ते जुने बाण त्या बादलीत येतात. नवशिक्यांना द्यायला. लेस्टरहून पाऊण तासावर एका शेतकऱ्याच्या रानात आम्ही दर रविवारी जमतो. झाडांमध्ये ठेवलेल्या फोमच्या हरणांवर आणि रानडुकरांवर बाण मारायचे, शोधत हिंडायचं, मग थर्मासमधला चहा. नेम धरायचं भिंग नाही, चाकं नाहीत, वजनं नाहीत. लांब धनुष्य, दोरी आणि तीन बोटं. सात वर्षं झाली मला. नवीन येणाऱ्यांना सुरुवातीचं शिकवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे.

माझ्या मैत्रिणीची मुलगी तेरा वर्षांची असताना मीच तिला तिथे घेऊन गेले. धनुष्य चोवीस पौंडांचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर चोवीस पौंडांची ओढ. बाण मी बादलीतून निवडले. सहाच्या सहा कार्बनचे, सरळ, एकसारखे, लांबी पुरेशी, पिसं शाबूत. दांडीवर बारीक अक्षरांत 500 छापलेलं होतं. त्या आकड्याचा अर्थ मला माहीत होता. नवशिकीला काय फरक पडतो, असं वाटलं.

तिचे बाण डावीकडे जायला लागले. पंधरा यार्डांवरून हातभर डावीकडे, दर वेळी. मी कोपर बघितलं, हनुवटीखालचा हात बघितला, उभं राहणं बघितलं. "बोटं सैल सोड." "डोकं हलवू नकोस." "लक्ष कुठे आहे तुझं?" तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "मावशी, मी सरळच मारतेय. बाणच तिकडे जातो."

मी हसले आणि म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

तिचं मराठी घरातलं, जेवणाखाणाचं. म्हण समजावून सांगावी लागली. ती समजली तिला, चेहऱ्यावरून कळलं. त्यानंतर ती बाणाबद्दल काही बोलली नाही. काही आठवड्यांनी तिचे बाण हरणाला लागायला लागले आणि मी तिचं कौतुक केलं. ती हरणाच्या उजवीकडच्या झाडाकडे बघून बाण सोडते आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. थंडी सुरू झाली तशी ती यायची थांबली. मैत्रीण म्हणाली, "अगं, अभ्यास वाढलाय तिचा."

आता तो 500 म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कार्बनची दांडी 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवतात, मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगतात आणि ती किती वाकते ते मोजतात. अर्धा इंच, म्हणजे 0.500 इंच वाकली, तर आकडा 500. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी दांडी लवचीक. या मोजमापाला 'स्पाइन' म्हणतात.

बाणाला वाकायचं कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. लांब धनुष्यात बाण मुठीच्या आतून जात नाही, बाजूने जातो. दोरी मात्र मधोमध धावते. मागचं टोक मध्यरेषेवरून ढकललं जातंय आणि पुढचा भाग लाकडाच्या कडेला टेकलेला, अशा बाणाने सरळ जायचं कसं? तो धनुष्याला वळसा घालून जातो. बोटांवरून दोरी घसरताना तिला बाजूला एक हिसका बसतो, त्याने बाण कमानीसारखा वाकतो, मग उलट वाकतो, आणि माशासारखा वळवळत मुठीला न लागता निसटतो. रॉबर्ट एल्मर या अमेरिकन तिरंदाजाने या प्रकाराला 'आर्चर्स पॅराडॉक्स' असं नाव दिलं. पुढे 1930च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने तो टिपला, तेव्हा तो डोळ्यांना दिसला.

म्हणजे बाणाने नेमकं वाकायला हवं. फार कडक असला तर वळसा पुरा पडत नाही आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असला तर उजवीकडे. चोवीस पौंडांच्या धनुष्याला हजाराच्या आसपासची दांडी लागते. मी दिलेली दांडी दुप्पट कडक होती. ती पोर सरळच मारत होती.

हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, आणि तेही माझ्या स्वतःच्या बाणांमुळे.

माझं धनुष्य बेचाळीस पौंडांचं. कार्बन घेतला तेव्हा मी व्यवस्थित अभ्यास करून घेतला. बाण जुळवणं हा तंबोरा लावण्यासारखा प्रकार आहे, दोन्हींत खुंटी किंचित पिळायची आणि ऐकायचं. इथे खुंट्या पाच-सहा आहेत. दांडी लांब ठेवली की बाण मऊ वागतो, कापली की कडक. पुढचं टोक जड केलं की मऊ, हलकं केलं की कडक. ही टोकं 'ग्रेन'मध्ये मोजतात. मूळ कल्पना धान्याच्या दाण्याची, आपल्या सोनाराच्या गुंजेची चुलतबहीण. एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. दोरी मुठीपासून किती दूर राहते, मुठीच्या कडेला लावलेलं चामडं किती जाड आहे, यानेही फरक पडतो. पिसं मात्र खरीच हवीत. प्लास्टिकची पाती मुठीला आपटून बाणाला लाथ मारतात, पीस बिचारं दबून पुढे जातं.

आणि ऐकायचं कसं, तर बिनपिसांचा बाण मारून. पिसं बाणाच्या बारीकसारीक चुका हवेत सावरून घेतात. म्हणून तीन बाण पिसांचे आणि तीन बिनपिसांचे, त्याच जागेवरून, त्याच निशाणावर मारायचे. बिनपिसांचे डावीकडे गेले तर बाण कडक, उजवीकडे गेले तर मऊ. दोन्ही एकत्र पडले की बाण लागला.

माझे 500चे बाण डावीकडे गेले. मी 600 घेतले. तरी थोडे डावीकडे. 125 ग्रेनची टोकं काढून 175ची लावली, मग 200ची. एका संध्याकाळी वीस यार्डांवर सहाही बाण तळहाताएवढ्या जागेत पडले. मी फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी विचारलं, "हे काय आहे?"

मग गेल्या वर्षी क्लबातल्या एका मुलाने मजा म्हणून फोनवर माझा स्लो मोशन व्हिडिओ घेतला. दोरी पूर्ण ओढलेली, हनुवटीला टेकलेली. मग बाण सुटायच्या आधी हात इंचभर पुढे सरकतो. मग सुटतो. दर वेळी. मी तो व्हिडिओ तीस-चाळीस वेळा बघितला असेल. दोरी इंचभर पुढे गेली की धनुष्याचा दोन-अडीच पौंड जोर गेला. जोर गेला की बाण कमी वाकतो, म्हणजे कडक बाणासारखा वागतो, म्हणजे डावीकडे जातो. बिनपिसांच्या बाणाने मला कडक म्हणून सांगितलं होतं ते खरं होतं. पण कडक दांडी होती की ढिली मी, हे त्याने सांगितलं नव्हतं. मी सोयीचं ऐकलं. टोकं जड करत गेले आणि माझ्या दोषाच्या मापाचा बाण शिवून घेतला.

तो हिवाळाभर मी हात मागे धरून ठेवायचा सराव केला. जमलं. आणि माझे सुंदर जुळलेले बाण उजवीकडे जायला लागले.

त्याच सुमारास मी बादली रिकामी करून बाण आकड्यांप्रमाणे बांधायला बसले. ते सहा बाण हातात आले.

दोन घटना शेजारी ठेवल्या की मला स्वतःबद्दल जे दिसतं ते फार काही बरं नाही. माझा बाण चुकला तेव्हा मी बाण बदलला. तिचा बाण चुकला तेव्हा मी तिला बदलायला सांगितलं. म्हण मला पाठ होती, लावली मात्र दुसऱ्याला.

यावर एक उत्तर तयार मिळतं. स्वतःच्या बाबतीत आधी स्वतःला तपासा, दुसऱ्याच्या बाबतीत आधी साधन तपासा. मी काही महिने हे पाळून बघितलं. त्या काळात माझे बाण खाली जायला लागले आणि मी महिनाभर स्वतःच्या खांद्याला, उमेदीला, वयाला दोष देत होते. शेवटी पट्टी लावली तर नवी दोरी ताणून लांबली होती. पीळ देऊन ती पुन्हा आखडायला पाच मिनिटं लागली. सगळा दोष आपल्यावर घ्यायचा यातही एक ऐट असतेच. अंगणाकडे न बघायचं ते न बघायचंच.

अडचण ही की बिनपिसांचा बाण एवढंच सांगतो: या हाताचं आणि या दांडीचं जुळत नाही. कुणी बदलायचं ते तो सांगत नाही. तेरा वर्षांच्या मुलीचा हात आखूड आहे म्हणून दोरी पूर्ण ओढली जात नाही, आणि माझा हात आळशी आहे म्हणून ओढली जात नाही, या दोन्हींची खूण फोमच्या हरणावर एकाच जागी पडते. भौतिकशास्त्र तिथे संपतं. पुढे कुणाला बदलणं शक्य आहे, बदलायला किती लागतं, आणि ते कुणी सोसायचं, असे प्रश्न उरतात. हात वाढायला वर्षं लागतात. टोक बदलायला दोन फेरे.

पण सगळंच माणसाच्या मापाचं करून दिलं तर माणूस कधी शिकणारच नाही, हेही खोटं नाही. माझी ती दोन वर्षं तशीच गेली.

आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. बिनपिसांच्या बाणाची साक्ष ग्राह्य धरायची तर मारणाऱ्याचा हात आधी स्थिर लागतो. तीन बाण तीन दिशांना गेले तर त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून सगळे जाणकार सांगतात, आधी सराव कर, मग बाण जुळव. सल्ला बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा की जो नवा आहे, त्याच्याकडे 'चूक माझी नाही' हे सिद्ध करायचं साधनच नाही. ते साधन कौशल्याबरोबर येतं. अननुभवी माणसाची तक्रार आपण सबब म्हणून ऐकतो. तेच वाक्य क्लबातल्या जुन्या माणसाने उच्चारलं की ते निरीक्षण होतं. तिचे बाण तर एकाच जागी पडत होते, हातभर डावीकडे. साक्ष समोर होती. मी वयाकडे बघून ती फेटाळली.

आमच्याकडे एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, निवृत्त सुतार. ते लाकडी बाणच मारतात, स्वतः केलेले, ऑरेगनहून येणाऱ्या पोर्ट ऑर्फर्ड सीडरचे. माझ्या कार्बनला ते गमतीने 'मासेमारीची काठी' म्हणतात. पारंपरिक धनुष्यावर कार्बन चालतो का, हा वाद आमच्याकडे चहाबरोबर असतो. वर्ल्ड आर्चरीच्या थ्रीडी स्पर्धांत लाँगबो गटाला लाकडीच बाण लागतात, त्यामुळे नियमाने ते जिंकतात. मला त्या वादात फार रस नाही, माझ्या धनुष्याच्या पोटातही काचतंतू आहेतच. पण एकदा त्यांनी एक गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली. लाकडाचा प्रत्येक बाण थोडा वेगळा असतो, पाऊस लागला की वाकतो, शेकून सरळ करावा लागतो. म्हणून नेम चुकला तर बाणाकडे एकदा बघायची सवय हाताला असते. कार्बन एकतर सरळ असतो नाहीतर मोडलेला. तो इतका एकसारखा असतो की त्याच्यावर संशयच येत नाही, उरतो फक्त माणूस. मी त्या सहा बाणांकडे बघितलं होतं आणि ते सरळ होते, एकसारखे होते. सहाही सारखेच चुकीचे असू शकतात हे सुचलं नाही.

1545 साली हेन्री आठव्याचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज पोर्टस्मथजवळ बुडालं. 1982मध्ये ते वर काढलं. त्यातून 137 अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले, बरेचसे पॉपलरचे. पोर्टस्मथच्या संग्रहालयात मी ते बघितले आहेत. सैन्यात चोवीस-चोवीस बाणांच्या जुड्या हातात पडायच्या. कुणाच्या हाताला कोणता बाण लागतो हे बघत बसायला तिथे वेळ नव्हता. शिपायांनीच जुळवून घ्यायचं. त्याच 1545मध्ये रॉजर ॲस्कम या केंब्रिजच्या शिक्षकाचं 'टॉक्सोफिलस' निघालं, तिरंदाजीवरचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक. त्यात तो बाणाच्या पंधरा लाकडांची यादी देतो, पिसांचा, टोकांचा, खाचेचा विचार करतो. आणि त्याच पुस्तकात तिरंदाजांच्या वाकड्यातिकड्या सवयींचं लांबलचक, हसू येईल असं वर्णन आहे: कुणी मान पुढे काढतो, कुणी तोंड वेंगाडतो. बाणाचे दोष आणि माणसाचे दोष, दोन्ही एका माणसाने बघितले. हाच ॲस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. शिकवण्यावरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1570मध्ये आलं, त्यात तो मुलांना मारून शिकवण्याच्या विरुद्ध आहे. बाणाचं लाकूड निरखणाऱ्या माणसाला हे सुचावं यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

आणि एकलव्य. अंगठा दिल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण मारत राहिला, पण पहिल्यासारखा झपाटा राहिला नाही, असं महाभारतात आहे. लहानपणी मी ते दुःखाचं वाक्य म्हणून ऐकलं होतं. आता वाचताना हात आपोआप हिशेब करतो. अंगठ्याने ओढताना बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवतात, बोटांनी ओढताना डाव्या. हिसका उलट्या दिशेने बसतो. तो आधी अंगठ्याने ओढत असेल तर त्याला बाणाची बाजू बदलावी लागली असेल, सगळं पुन्हा जुळवावं लागलं असेल, रानात, एकट्याने. कुणी त्याला बाण डावीकडे जाताना बघितलं असेल तर काय म्हटलं असेल?

गेल्या गणपतीत मैत्रिणीकडे आरती झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं. सोळाची झाली आहे, माझ्यापेक्षा उंच. मी 500, 1000, सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "चूक माझी होती. तू बरोबर सांगत होतीस." तिने मोदकाची वाटी खाली ठेवली. म्हणाली, "मला वाटायचं मला डोळ्यांचं काहीतरी आहे. आईला चष्म्याबद्दल विचारलं होतं मी." मग म्हणाली, "इट्स ओके, मावशी." ते तसं नव्हतं हे दोघींना माहीत होतं.

पंधरा दिवसांनी ती आली. एकदाच येईन म्हणाली. तिच्यासाठी मी नवे बाण केले होते, तिच्या हाताची लांबी विचारून, धनुष्य आता अठ्ठावीस पौंडांचं, त्या हिशेबाने. तीन पिसांचे, तीन बिनपिसांचे. झिमझिम पाऊस होता. तिने पंधरा यार्डांवर उभं राहून पिसांचे तीन मारले. तिन्ही हरणाच्या वीतभर उजवीकडे, एकमेकांना चिकटून.

दांडी जास्त मऊ झाली असेल. किंवा तिचे डोळे अजून उजवीकडच्या झाडाकडे बघत असतील, मी शिकवल्याप्रमाणे.

"आता कुणाचं चुकतंय?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं आणि खिशातून हलक्या टोकांची पुडी काढली.

"थांब मावशी," ती म्हणाली, आणि बिनपिसांचा एक बाण दोरीला लावला. "आधी हे तीन मारते."